बिल यंत्राने करावे, जाब माणसाने द्यावा



गळीत हंगाम जवळ आला की गट ऑफिसात दोनच विषय असतात. तोड कधी येणार आणि बिल कधी निघणार. यंदा त्यात तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. ऊस नोंदीपासून बिलापर्यंतचा सगळा कारभार यंत्रावर घ्यायचा आणि मधली कागदांची चळत काढून टाकायची, असा विचार आपल्या कारखान्यात चालू आहे. संगणक आपल्याकडे नवा नाही. हिशेब खात्यात तो येऊन पुष्कळ वर्षे झाली. पण आजवर फडात चिठ्ठी हाताने लिहायची, काट्यावर तिच्यावर वजन चढवायचे आणि मग हिशेब खात्यात कोणीतरी बसून तेच आकडे पुन्हा संगणकात टाकायचे, अशी आपली रीत होती. आता चिठ्ठी मोबाइलवर होईल, वजन काट्यावरून थेट संगणकात जाईल आणि पंधरवडा संपला की बिल आपोआप तयार होईल.

यावर पारावर दोन तट पडलेले आम्ही पाहतो. एक म्हणतो, "आता कुणाचीच लबाडी चालायची नाही, सगळं काम्प्युटरवर." दुसरा म्हणतो, "कागद होता तोवर हातात काहीतरी होतं, आता तेवढंही जाणार." आम्हाला विचाराल तर दोघांचेही निम्मे-निम्मे खरे आहे. बिल यंत्राने करावे, या मताचे आम्ही आहोत. परंतु त्या बिलाचा जाब माणसाने द्यावा, आणि तो विचारता यावा म्हणून एक कागद सभासदाच्या हातात राहावा, असेही आमचे ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

उसाचे बिल निराळे कसे?

बाजाराची रीत अशी की माल विकणारा बिल करतो आणि घेणारा ते तपासून पैसे देतो. किराणा दुकानात बिल दुकानदार करतो. आपला कारखाना साखर विकतो तेव्हा व्यापाऱ्याच्या नावे बिल कारखानाच करतो. उसात मात्र सगळे उलटे आहे. ऊस विकतो सभासद, आणि बिल करतो ऊस घेणारा कारखाना. काटा घेणाऱ्याचा, साखर उतारा काढणारी प्रयोगशाळा घेणाऱ्याची, वजावट लावणारा घेणारा आणि शेवटची बेरीज मांडणाराही तोच. अडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायचा, रात्रीच्या विजेवर दारी धरायची, खोडकिडीपासून वाळव्यापर्यंत सगळे सोसायचे आणि शेवटी आपल्या मालाचा हिशेब घेणाऱ्याने मांडलेला वाचायचा. दुधाचा संघ सोडला तर असा व्यवहार शेतकऱ्याच्या वाट्याला फारसा कुठे येत नाही.

हा व्यवहार चालतो तो एकाच आधारावर. घेणारा परका नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीला १९५० साली सहकारी कारखाना उभा केला. त्यामागचे मर्म हेच की ऊस विकणाराच ऊस घेणाऱ्या कारखान्याचा मालक व्हावा. मालकाचा हिशेब मालकाच्याच घरात होतो म्हणून सभासद डोळे मिटून बिल घेतो. पण डोळे मिटून घेतले म्हणून बिल बरोबर होते असे नाही. म्हणूनच बिल कोणत्या रीतीने करायचे, हा हिशेब खात्यापुरता प्रश्न नाही. विकणाऱ्याला आपल्याच घरातला हिशेब तपासता येतो की नाही, असा तो प्रश्न आहे.

कागदाचे दिवस

आम्ही कृषी पदविका घेऊन २००२ साली शेतकी खात्यात लागलो. पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा उतरला ते हे साल. पावसाळाभर पाने उलटी करून मावा पाहत हिंडलो आणि हंगाम सुरू झाला तसे चिटबॉयच्या मागे फिरू लागलो. चिटबॉयच्या काखेत चिठ्ठीबुक आणि बुकात कार्बन. गाडी भरली की सभासदाचे नाव, कोड, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, टोळीचा नंबर, गाडीचा नंबर, एवढे सगळे बांधावर बसून लिहायचे. एक प्रत सभासदाला, एक गाडीवानाबरोबर, एक बुकात. गाडीवानाची चिठ्ठी कधी टोपीत, कधी कोपरीच्या खिशात. पहाटेच्या दवात ती भिजायची. काट्यावर भरल्या गाडीचे वजन व्हायचे, गव्हाणीवर ऊस पडला की रिकाम्या गाडीचे व्हायचे, आणि दोन्हींची वजाबाकी चिठ्ठीवर चढायची.

मग त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाळीपाळीने हिशेब खात्यात जायचे. तिथे कोडवार लावणे, खतावणीत चढवणे, सोसायटीची वसुली, बेण्या-खतांची उधारी, ठेवी, निधी हे सगळे वजा करणे आणि शेवटी बिल. त्या कारकून मंडळींनी रात्र रात्र जागून कामे केली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण माणूस तो माणूस. फिकट कार्बनमध्ये ९ चा १ दिसायचा. समजा खरे वजन १५.९२० टन आणि वाचले गेले १५.१२०. फरक आठशे किलोचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीच्या त्या दराने ही एका आकड्याची चूक २,८४० रुपयांची होते. तीही एका खेपेत.

आणि वेळ? ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावे, असे तो सांगतो. चौदातले सात-आठ दिवस चिठ्ठ्या लावण्यातच गेले तर बाकीच्यांनी काय करावे? जुन्या कागदाचे प्रेम आम्हालाही आहे. पण त्या कागदाने सभासदाचे दिवस खाल्ले, हे कबूल केले पाहिजे.

व्यापाऱ्याला एक न्याय, सभासदाला दुसरा?

आता दुसरी बाजू पाहा. साखरेच्या विक्रीत बिलाचे काम कधीच यंत्रावर गेले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना इतर उद्योग-व्यापाऱ्यांच्या नावे होणारी बिले सरकारी संगणकावर नोंदवणे सक्तीचे झाले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ जानेवारी २०२१ ला शंभर कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला पन्नास कोटी, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी. बिलाचे आकडे तिकडे गेले की चौसष्ट अक्षर-अंकांची एक नोंदखूण परत येते, बिलावर चौकोनी ठिपक्यांची छापखूण उमटते, आणि मगच ते बिल कायदेशीर ठरते. कोणीही मोबाइल धरून ते बिल खरे की खोटे पाहू शकतो. साखरेचा ट्रक गोदामातून हलतो तेव्हा बिल तयार असते.

म्हणजे साखर नेणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच घटकेला बिल, तेही तपासता येणारे. आणि ज्याच्या उसापासून ती साखर झाली त्या सभासदाने मात्र पंधरवडा संपण्याची, गठ्ठे लागण्याची आणि बिलवाटपाची वाट पाहायची. मालक मागे आणि गिऱ्हाईक पुढे, हे सहकाराला शोभत नाही. यंत्र आणायचेच असेल तर ते आधी सभासदाच्या दारात आणले पाहिजे.

यंत्राने काय होईल, हेही साध्या शब्दांत सांगतो. लागण झाली की आमचा माणूस प्लॉटवर जाऊन मोबाइलवर नोंद घेईल. चारी बांध फिरला की क्षेत्र आपोआप निघेल. तोडीची पाळी लागणीच्या तारखेवरून आणि जातीवरून लागेल. को ८६०३२ कोणाची, फुले २६५ कोणाची, हे विचारत बसावे लागणार नाही. फडात गाडी भरली की चिठ्ठी मोबाइलवर होईल. काट्यावर गाडी चढली की वजनाचा आकडा कोणी न लिहिता संगणकात जाईल, आणि निव्वळ वजनाचा निरोप सभासदाच्या मोबाइलवर येईल. पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री सगळ्या खेपांची बेरीज, दर, वजावट होऊन बिल तयार. फिकट कार्बन नाही आणि भिजलेली चिठ्ठी नाही. हे चांगले आहे यात शंका नाही.

बरोबर बेरीज, चुकीचे नाव

मग आमची अडचण कुठे आहे? ती आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगतो. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवण्यापेक्षा ते बरे.

दोन हंगामांपूर्वी आपल्या दोन गटांत ही पद्धत करून पाहिली. त्यातल्या एका गावात एक सभासद भगिनी आहेत. मालक वारल्यावर खाते त्यांच्या नावावर झाले. एकर-सव्वा एकराचा खोडवा. शेजारी पुतण्याचा ऊस. जमीन वाटून घेतलेली, पण गट नंबर एकच आणि आडनावही एकच. आमच्या शेतकी मदतनिसाने मोबाइलवर गट नंबर घातला, दोन नावे आली, त्याने वरचे दाबले. ते पुतण्याचे होते.

पुढे सगळे बिनचूक झाले. वजन बरोबर, गुणाकार बरोबर, वजावट बरोबर. फक्त पैसे पुतण्याच्या खात्यावर गेले, आणि तिथे सोसायटीची थकबाकी होती ती आपोआप वळती झाली. पुतण्याला वाटले, आपल्याच मागच्या खेपांचे असतील. वजनाचा निरोप चुलतीला आला असता तरी चूक कळली नसती, कारण नोंदीत तिचा म्हणून असलेला नंबर तिच्या वारलेल्या मालकाचा होता आणि तो कधीच बंद पडला होता.

बिल आले नाही म्हणून त्या गट ऑफिसात गेल्या. तिथे उत्तर मिळाले, "मावशी, काम्प्युटरनं केलंय, आमच्या हातात काय नाही." हिशेब खात्यात गेल्या. तिथे सांगितले, नोंदीत जसे आहे तसे बिल झाले, शेतकी खात्याला विचारा. शेतकी खात्यात सांगितले, बिलात आम्ही हात घालत नाही. तीन आठवडे त्या एस.टी.ने हेलपाटे घालत होत्या. शेवटी बांधावर आमची गाठ पडली. म्हणाल्या, "सायेब, ऊस माझा, पाणी मी पाजलं, मग पैसं भलत्याच्या नावावर कसं गेलं? आन् सांगायला माणूस कुणीच कसा न्हाई?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. दुसऱ्याचे आम्ही अजून शोधतो आहोत.

चूक सापडली ती यंत्रात नाही, कागदावर सापडली. काट्यावरच्या माणसाने जुन्या सवयीने ट्रॅक्टरवाल्याच्या हातात वजनाच्या पावत्या दिल्या होत्या आणि त्यानेही जुन्या सवयीने त्या मावशींकडे नेऊन दिल्या होत्या. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत त्या तिन्ही पावत्या नीट ठेवलेल्या होत्या. पावतीवर नाव नव्हते, नुसता कोड होता, म्हणून त्यांनाही काही कळले नाही. पण तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि टोळीचा नंबर होता. टोळीच्या मुकादमाची वही काढली. कोणत्या दिवशी कोणत्या फडात कोयता चालला, किती खेपा भरल्या, हे त्याने आपल्या हिशेबासाठी लिहून ठेवले होते. पावत्या आणि वही जुळल्या आणि ऊस मावशींचा ठरला.

आता चुकीचा धनी कोण? तो मदतनीस पोरगा नव्हे. गावाची नोंदयादी मंजुरीसाठी आमच्याकडे आली होती आणि ती आम्ही एका संध्याकाळी ऑफिसात बसून बटण दाबून मंजूर केली होती. पूर्वी प्रत्येक पानावर सही करावी लागे. सही करताना नजर पानावरून फिरे, एखादे नाव खटके, "अरे, हा प्लॉट तर चुलतीचा" असे तोंडून निघे. बटण एकच होते. ते दाबताना नजर कुठेच फिरली नाही.

पैसे परत मिळाले. पण सोसायटीत वळती झालेली रक्कम उलटी फिरवून आणेपर्यंत शिमगा झाला. तोवर लेकीच्या बाळंतपणासाठी मावशींनी दोन शेळ्या विकल्या होत्या. कारखान्याने पैसे दिले, शेळ्या कोणी परत आणल्या नाहीत.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, मग यंत्र नकोच. आम्ही तसे म्हणत नाही. कागदाच्या दिवसांतही नावे चुकत होती. फरक एवढाच की तेव्हा चूक गावात दिसायची. बिलवाटपाला कारकून गावात यायचा, मोठ्याने नाव पुकारायचा आणि चार माणसांत "हे माझं नव्हं" असे म्हणता यायचे. आता चूक रात्रीत होते, गुपचूप होते, आणि सकाळी ती खरी म्हणून उभी राहते. यंत्र बेरीज चुकत नाही, पण नोंद कोणाची हे त्याला कळत नाही. ते आपण सांगू तेच खरे मानते. म्हणून यंत्रावर बिल करायचे असेल तर नोंद पूर्वीपेक्षा दुप्पट काळजीने घ्यावी लागेल. काम कमी होईल, पण जबाबदारी कमी होणार नाही.

आमच्या सूचना

नुसती तक्रार करून थांबणे आमच्या खात्याला शोभणार नाही. म्हणून पाच सूचना संचालक मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे ठेवतो.

पहिली. हंगामापूर्वी प्रत्येक गावात नोंदयादीचे वाचन व्हावे. नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, हे चावडीवर किंवा सोसायटीच्या ओट्यावर मोठ्याने वाचावे आणि यादी आठ दिवस लावून ठेवावी. बँक खाते आणि मोबाइल नंबर चारचौघांत वाचू नयेत, ते ज्याचे त्याला दाखवून तपासावेत. वारस नोंदी आणि वाटण्या झालेले गट आधी पाहावेत. यादीवर सही आमची असावी, आणि ती बांधावर जाऊन आल्यावरच व्हावी.

दुसरी. काट्यावरची छापील पावती बंद करू नये. मोबाइलवर निरोप येवो वा न येवो, गाडीमागे एक पावती सभासदाला मिळालीच पाहिजे. तिच्यावर सभासदाचे नाव आणि गट नंबर ठळक मराठी अक्षरांत असावा, कोड खाली बारीक असला तरी चालेल. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, मोळीबांधणीची वजावट आणि निव्वळ वजन, असे चारही आकडे असावेत. आणखी एक बारीक गोष्ट. तापवून छापणाऱ्या यंत्राचा गुळगुळीत कागद उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरा पडतो. पावती शाईच्या फितीवर छापावी, म्हणजे ती वर्षभर वाचता येईल.

तिसरी. यंत्रात दुरुस्ती करताना मूळ आकडा पुसू नये. जुन्या खतावणीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करावी लागे. तोच नियम यंत्राला लावावा. आधी काय होते, कोणी बदलले, कधी बदलले आणि का, हे कायम दिसावे. काट्याच्या आकड्याला तर कोणाचाच हात लागू नये. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर असतोच, पण वजनाचा आकडा गाडीवानाला आणि सभासदाला समोर मोठ्या पाटीवर दिसला पाहिजे. कोणी बाहेरच्या काट्यावर वजन करून गाडी आणली तर त्याच्याकडे संशयाने पाहू नये. तपासणारा सभासद कारखान्याचा वैरी नसतो.

चौथी. वजावटीचे प्रत्येक कलम बिलावर नावानिशी मराठीत छापावे. "इतर वजावट" हा रकाना काढून टाकावा. पूर्वी घरात लग्न किंवा आजारपण असले तर सभासद सोसायटीच्या सचिवाला भेटून "या पंधरवड्याला जरा सांभाळून घ्या" असे म्हणू शकत होता. यंत्राला तसे म्हणता येत नाही. म्हणून बिल पक्के होण्याआधी चार दिवस वजावटीची यादी सभासदाला कळवावी. देणे बुडवावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही, पण देणाऱ्याला बोलायला जागा असावी.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक गट ऑफिसात बिलाच्या तक्रारीचे एक टेबल असावे आणि त्या टेबलावर एक माणूस असावा. तक्रार क्रमांक टाकून रजिस्टरात लिहावी, पोच द्यावी आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे. शेतकी, काटा, हिशेब अशा तिन्ही खात्यांना विचारायचे काम त्या माणसाचे, सभासदाचे नव्हे. "काम्प्युटरनं केलंय" हे उत्तर यापुढे कोणीही देऊ नये. संगणक सभासद नाही, नोकर नाही आणि संचालकही नाही. त्याच्याकडे दाद मागता येत नाही.

या टेबलांसाठी माणसे कुठून आणायची, असे कोणी विचारील. माणसे आहेत. चिठ्ठीबुके बंद झाली की चिटबॉय आणि आकडे चढवणारे कारकून यांचे काय, ही काळजी त्यांच्या घरात आजच चालू आहे. ज्याने पंधरा-पंधरा हंगाम गावात काढले, ज्याला कोणाचा बांध कुठे संपतो हे झोपेत विचारले तरी सांगता येते, तो माणूस घरी बसवायचा आणि यंत्राला बांध शिकवायला नवा माणूस आणायचा, हा कुठला व्यवहार? नोंदीची पडताळणी आणि तक्रारीचे टेबल ही दोन्ही कामे याच मंडळींना द्यावीत. मावशींच्या प्लॉटवर त्या दिवशी जुना चिटबॉय असता तर चूक फडातच थांबली असती.

एक गोष्ट सरळ सांगतो

यंत्र आले की चौदा दिवसांत पैसे मिळतील, असा समज काही ठिकाणी पसरला आहे. तो पुरा खरा नाही. बिल होणे वेगळे आणि पैसे असणे वेगळे. पैसे येतात ते साखरेच्या विक्रीतून, गोदामातल्या साखरेवर बँक देते त्या उचलीतून आणि मळी-वीज-मद्यार्क यांच्या उत्पन्नातून. साखरेचा भाव पडला, उचल कमी मिळाली, तर बिल कितीही लवकर झाले तरी खात्यावर रक्कम पडणार नाही. हे आजच सांगितलेले बरे, म्हणजे उद्या यंत्रावर रोष येणार नाही.

पण तरीही बिल लवकर व्हावे, असे आम्ही म्हणतो. कारण बिल तयार नसले की उशिराचे खापर चिठ्ठ्यांवर फोडता येते. बिल त्याच रात्री तयार असले की उशिराचे खरे कारण लपत नाही. ते वार्षिक सभेत विचारता येते आणि ते द्यावेही लागते. हे काहींना गैरसोयीचे वाटेल. सहकारात अशी गैरसोय असावीच लागते.

सभासदांकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा आहे. आपला चालू मोबाइल नंबर आणि वारसाची नोंद गट ऑफिसात येऊन दुरुस्त करून घ्या. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी लाजू नये, तसे नोंदवून ठेवा, म्हणजे त्यांचा निरोप कागदावर घरपोच करता येईल. आणि काट्याची पावती टाकून देऊ नका. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, देव्हाऱ्यामागे ठेवा, पण बिल हातात पडून जुळेपर्यंत ठेवा. पंधरवड्याला दोन आकडे जुळवून पाहायला अर्धा तास लागतो. सोळा महिने जपलेल्या उसासाठी अर्धा तास जास्त नाही.

यंदा नोंदयादीचे वाचन आमच्या गटातल्या गावांत आम्ही स्वतः करणार आहोत. संचालक मंडळाचा ठराव होवो वा न होवो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तारखा सोसायटीच्या फळ्यावर लावू. त्या दिवशी या, आपले नाव ऐका, आणि चुकले असेल तर तिथेच उठून सांगा. राग येणार नाही. उलट बॉयलर पेटण्याआधी सापडलेली चूक ही आम्हाला मदतच होईल.

यंदाचा गळीत हंगाम सर्वांना सुखाचा जावो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते